इंकस्केपमध्ये आपलं काम करून घ्यायचंय? लोकवर्गणीतून डेव्हलपर नेमण्याची रीत, खान्देशातल्या प्रेसवाल्यांसाठी

जळगाव, धुळे, नंदुरबारमधल्या कुठल्याही डीटीपीवाल्याच्या संगणकावर दोन गोष्टी हमखास सापडतात. कोरलच्या ढिगाने सीडीआर फायली, आणि त्यांत युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये बसवलेलं मराठी मॅटर. लग्नपत्रिका, केळीच्या खोक्यांवरचे छाप, पतसंस्थांचे अहवाल, कानबाईच्या उत्सवाचे फ्लेक्स. चित्रं आणि डिझाइन काढायचं इंकस्केप मोफत आहे, पानं मांडायचं स्क्रायबस मोफत आहे, दोन्ही मुक्त आहेत, पण जुनी फाइल त्यांत उघडली की मॅटरच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. ऑपरेटर ती बंद करतो आणि पुन्हा कोरलची जुनी कॉपी उघडतो. मुक्त सॉफ्टवेअरकडे वळायचं राहून जातं ते इथे.

ही अडचण सुटण्यासारखी आहे. प्रोग्राम खुला आहे, बदल करायला कोणाची परवानगी लागत नाही, आणि बदल करू शकणारे प्रोग्रामर स्वतंत्रपणे काम घेतात. एका छापखान्याला त्यांची मजुरी परवडत नाही, शंभरांना सहज परवडते. ती मजुरी एकत्र कशी करायची आणि काम पदरात कसं पाडून घ्यायचं, ते या लेखात आहे. उदाहरण म्हणून एकच काम शेवटपर्यंत घेतो: जुन्या फाँटमधलं मराठी मॅटर इंकस्केपच्या आत युनिकोडमध्ये बदलणारं एक्स्टेंशन, म्हणजे प्रोग्रामला बाहेरून जोडायचा छोटा भाग. तुमची गरज वेगळी असेल तर रीत हीच ठेवा.

माझं सगळं म्हणणं एका गोष्टीवर उभं आहे. ‘सॉफ्टवेअर सुधारावं’ म्हणून पैसे गोळा करू नका. एक नेमकं काम ठरवा, ते करू शकणारा एक नेमका माणूस शोधा, आणि मगच वर्गणीची वही उघडा. बहुतेक लोक हा क्रम उलटा धरतात.

आधी झालेल्या मोहिमांकडून काय घ्यायचं

ब्लेंडर हे त्रिमितीय चित्रांचं सॉफ्टवेअर आज जगभर वापरलं जातं. ते बनवणारी नॅन ही कंपनी २००२ मध्ये बुडाली. टॉन रोझेनडाल यांनी गुंतवणूकदारांशी ठरवलं की १ लाख युरो मिळाले तर सगळा सोर्स कोड खुला करायचा. सात आठवड्यांत रक्कम जमली आणि १३ ऑक्टोबर २००२ रोजी ब्लेंडर जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुलं झालं. रक्कम एक, बदल्यात मिळणारी गोष्ट एक, आणि दोन्ही पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत.

क्रिटा या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरने २०१४, २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ तीन वर्षं किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर मोहीम केली. उद्दिष्टं अनुक्रमे १५, २० आणि ३० हजार युरोंची होती आणि तिन्ही वेळा त्याहून जास्त जमले. आपल्याला जवळची मोहीम म्हणजे २०१६ ची, कारण ती मजकुराचं साधन आणि व्हेक्टर (रेघांनी बनलेली चित्रं) यांसाठी होती. ते काम लोकांच्या हाती आलं क्रिटा ४.० मधून, २०१८ च्या मार्चमध्ये. मजकुराचं ते साधन पुढे पुन्हा मुळापासून लिहायला घ्यावं लागलं. अनुभवी डेव्हलपर, पैसे हातात, तरीही मजकुराने इतका वेळ खाल्ला. अक्षरं एकमेकांत मिसळणाऱ्या लिप्यांचं काम अंदाजापेक्षा जास्त चालतं हे धरूनच मुदत ठरवा.

तिसरं उदाहरण स्क्रायबसचं, आणि मला ते सर्वांत महत्त्वाचं वाटतं. स्क्रायबसमध्ये पूर्वी जोडाक्षरं नीट बसत नसत. ओमानमधल्या एका मुक्त सॉफ्टवेअर गटाने अरबीची गरज म्हणून मजकूर मांडणारा भाग हार्फबझ या लायब्ररीवर (अक्षरं जोडून मांडणाऱ्या तयार कोडवर) आणायचं काम अंगावर घेतलं. २०१७ मध्ये १.५.३ या चाचणी आवृत्तीत ते आलं. काम अरबीसाठी झालं, फायदा देवनागरीलाही मिळाला. मात्र ते असलेली स्थिर आवृत्ती, १.६, निघाली २०२४ मध्ये. कोड तयार होणं आणि तो सर्वसामान्य वापरणाऱ्याच्या संगणकावर पोहोचणं, यांत अशी वर्षं जाऊ शकतात. म्हणून पहिल्या मोहिमेसाठी मी एक्स्टेंशन सुचवतो. इंकस्केपची एक्स्टेंशनं पायथॉनमध्ये लिहिलेली असतात आणि मूळ प्रोग्रामची पुढची आवृत्ती निघायची वाट न पाहता बसवता येतात.

गरज कागदावर उतरवा

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या.

आधी दुखणं नेमकं कुठे आहे ते शोधा. सीडीआर फाइल इंकस्केप स्वतः वाचत नाही. त्यासाठी लिबसीडीआर नावाची वेगळी लायब्ररी आहे, आणि स्क्रायबस व लिब्रेऑफिससुद्धा तीच वापरतात. फाइल उघडल्यावर चित्रं, रेघा, रंग जागेवर आहेत आणि फक्त मॅटर बिघडलंय, तर अडचण फाँटच्या सांकेतिकतेची. आकारच हलले असतील किंवा फाइल उघडतच नसेल, तर काम लिबसीडीआरचं, आणि ते करणारा माणूसही वेगळा लागेल. मॅटर ‘कर्व्ह’ केलेलं असेल तर त्यात अक्षरं उरलेलीच नसतात, नुसते आकार असतात. कुठलंही एक्स्टेंशन ते परत आणणार नाही. वर्गणी देणाऱ्यांना हे आधीच सांगा, नाहीतर काम झाल्यावर याच फायली घेऊन लोक भांडायला येतील.

आता फाँटचं. जुन्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचं, कधी अर्ध्या अक्षराचं, कधी नुसत्या कान्याचं चित्र बसवलेलं असतं. कुठल्या जागेवर कुठलं चित्र हे प्रत्येक कंपनीचं वेगळं, एका कंपनीच्या दोन मालिकांतही वेगळं. त्यामुळे ‘जुने फाँट बदलता यावेत’ एवढं लिहून भागत नाही. कुठले फाँट, त्यांची पूर्ण नावं काय, कुठल्या आवृत्तीचे, ते लिहा. दहा प्रेसमध्ये जाऊन फायलींमधली फाँटची नावं उतरवून घ्या. तीच तीच पाच-सात नावं पुन्हा येतील, आणि पहिल्या मोहिमेत तेवढीच घ्या.

क्रमाचा प्रश्न त्याहून अवघड आहे. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. रफार याच्या उलट: ‘मूर्ती’मधला रफार जुन्या मॅटरमध्ये शेवटी असतो, युनिकोडमध्ये तो ‘त’च्या आधी जायला हवा. रफार, अनुस्वार आणि दुसरी वेलांटी एकाच अक्षरावर आली की फुकटात मिळणारे बरेच कन्व्हर्टर इथेच अडखळतात. अपेक्षित निकाल म्हणून असे पन्नास शब्द कागदावर द्या.

आणि अहिराणी विसरू नका. आपल्याकडे पत्रिकेत अहिराणी मजकूरही असतो. शब्दकोश वापरून आपोआप दुरुस्ती करणारं साधन ‘लगीन’चं ‘लग्न’ करून टाकेल. एक्स्टेंशनने फक्त सांकेतिकता बदलायची, भाषेला हात लावायचा नाही, ही अट गरजपत्रात ठळकपणे लिहा.

शेवटी नमुना फायली. साधारण पन्नास पुरतात: पत्रिका, बिलबुकं, खोक्यांचे छाप, अहवालाची पानं. त्यांतली नावं, पत्ते, फोन नंबर बदलून टाका. नमुने सगळ्या जगाला दिसणार आहेत आणि गिऱ्हाइकाने नंबर दिला होता तो पत्रिकेपुरता. फाँटची फाइल मात्र सोबत जोडू नका, तो कंपनीचा माल आहे. कुठल्या जागेवर कुठलं अक्षर दिसतं याचा तक्ता आपण स्वतः पाहून बनवा.

प्रकल्पाच्या लोकांशी बोला

गरजपत्र झालं की ते साध्या इंग्रजीत करून प्रकल्पाच्या नोंदवहीत मांडा. इंकस्केप आणि गिंप (फोटो सुधारायचं मुक्त सॉफ्टवेअर) यांच्या नोंदी गिटलॅब या साइटवर होतात, क्रिटाच्या तिच्या मूळ प्रकल्पसमूहाच्या, म्हणजे केडीईच्या बगझिलावर, स्क्रायबसच्या मँटिसवर. आधी शोधा, तुमची तक्रार कोणीतरी नोंदवलेली असू शकते. असेल तर तिथेच आपले नमुने जोडा.

मेंटेनरांना, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्यांना, तीन गोष्टी विचारा. हे काम मूळ प्रोग्राममध्ये हवं की एक्स्टेंशन म्हणून बरं? कोणी आधीच यावर काम करतंय का? कोड आला तर तपासायला कोणाला वेळ असेल? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नाही मिळालं, तर मूळ प्रोग्राममध्ये बदल करण्याच्या कामासाठी पैसे गोळा करू नका. तपासणारा नसेल तर तयार कोड नुसता पडून राहतो आणि वर्गणीदारांना वाटतं आपण फसलो.

माणूस कसा निवडायचा

ज्याचा कोड त्या प्रकल्पाने आधी स्वीकारलाय, तो माणूस पहिली पसंती. हे तपासता येतं: गिटलॅबवर त्याच्या नावाच्या मर्ज रिक्वेस्ट (कोड स्वीकारा म्हणून केलेल्या विनंत्या) काढा, किती स्वीकारल्या गेल्या ते पाहा, आणि मेंटेनरांच्या शेऱ्यांना तो कशी उत्तरं देतो ते वाचा. दुसरी गोष्ट मला जास्त कळते. कोडचं मला फारसं समजत नाही, पण शेरा आल्यावर माणूस चिडतो, गप्प होतो की दुरुस्त करून आणतो, हे कोणालाही वाचून कळेल.

इंकस्केप, गिंप आणि केडीई, ज्यात क्रिटा येतं, हे सगळे गुगल समर ऑफ कोड या, विद्यार्थ्यांना मुक्त प्रकल्पांवर काम देणाऱ्या उपक्रमात भाग घेत आले आहेत. त्यातून गेलेले भारतीय विद्यार्थी पुढे स्वतंत्र काम घेतात. पहिल्या मोहिमेसाठी भारतातलाच डेव्हलपर बघा. परदेशात मजुरी पाठवायची म्हणजे बँकेची आणि आयकराची कागदपत्रं वाढतात, आणि नवख्या गटाची दमछाक तिथेच होते. शिरपूर, फैजपूर, जळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतला एखादा विद्यार्थी चाचणीसाठी सोबत जोडला तर फारच उत्तम. पुढच्या दुरुस्त्यांसाठी माणूस गावातच तयार होतो. मुख्य काम मात्र फक्त स्वस्त मिळतंय म्हणून त्याच्यावर टाकू नका.

दोन-तीन जणांकडून लेखी अंदाज मागवा. त्यात तासांचा अंदाज, दर, जीएसटी धरून की वेगळा, आणि ‘काय करणार नाही’ याची यादी असायला हवी. ज्याच्या अंदाजात ही यादी नाही, त्याला पुन्हा विचारा.

रक्कम मांडणं

हिशोबाचा नमुना देतो. आकडे समजुतीसाठी आहेत, तुमचे वेगळे येतील. समजा डेव्हलपरचा दर तासाला १,००० रुपये आणि काम १२० तासांचं: १,२०,००० रुपये. मदतीचं पान लिहिणं आणि शेऱ्यांनुसार दुरुस्त्या यांना आणखी २० तास: २०,०००. एकूण १,४०,०००. त्यावर १५ टक्के राखीव, म्हणजे २१,०००. पेमेंट गेटवेचं कमिशन वगैरे धरून ४,०००. झाले १,६५,००० रुपये. ११० प्रेसनी प्रत्येकी १,५०० दिले की रक्कम पूर्ण.

राखीव कापू नका. क्रिटाचं काय झालं ते वर लिहिलंच आहे.

सगळ्यांकडून सारखीच रक्कम घ्यावी असं नाही. पांझरेकाठच्या फड पद्धतीत ज्याची जमीन फडात, त्याने बंधाऱ्याच्या आणि पाटाच्या डागडुजीचा भार आपापल्या हिश्शाने उचलायचा, ही रीत पिढ्यान् पिढ्या चालली. इथेही चार मशीनवाल्या ऑफसेट प्रेसने ५,००० द्यावेत आणि एकट्या डीटीपीवाल्याने ५००, हे रास्त आहे. तयार झालेलं साधन मात्र न दिलेल्यालाही मिळणार. हे लपवू नका, मागतानाच सांगा. मुक्त परवान्याचा तोच अर्थ आहे, आणि माझ्या मते तेच या कामाचं बळ आहे. आज आपण दिलं ते उद्या विदर्भातला प्रेसवाला वापरेल, आणि त्याने करून घेतलेलं आपण.

पैसे कुठे ठेवायचे

प्रेसवाल्यांची नोंदणीकृत संघटना असेल तर तिच्या नावाचं वेगळं खातं सर्वांत सोपं. नसेल तर तिघांच्या सहीचं खातं काढा, एकट्याच्या बचत खात्यात किंवा एकट्याच्या यूपीआय क्रमांकावर वर्गणी घेऊ नका. माणूस कितीही भरवशाचा असो, सहा महिन्यांनी दुकानाचे आणि वर्गणीचे पैसे वेगळे काढताना त्यालाच त्रास होतो.

किकस्टार्टरवर भारतात राहून मोहीम उघडता येत नाही. केटो, मिलाप हे लोकवर्गणीचे मंच आपल्याकडे आहेत, पण तिथे मुख्यतः उपचारासाठी मदत मागणारे आणि देणारे येतात. शे-दीडशे ओळखीच्या प्रेससाठी मला बँक खातं आणि पावतीपुस्तकच जास्त भरवशाचं वाटतं.

तीन गोष्टींची खबरदारी घ्या आणि सीएला एकदा दाखवा. वर्गणीवर परतावा, व्याज किंवा नफ्यात वाटा देऊ असं कुठेही म्हणू नका. २०१९ चा अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा आहे, विनाकारण त्यात अडकाल. करसवलतीची पावती देऊ नका, ती फक्त नोंदणी असलेल्या संस्थेला देता येते. आणि परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकांकडून संघटनेच्या खात्यात पैसे घेऊ नका, कारण परदेशी वर्गणीच्या कायद्याखाली नोंदणी लागते. भारतीय पासपोर्ट असलेला आपला माणूस दुबईहून बँकेमार्फत स्वतःच्या कमाईतले पाठवत असेल तर गोष्ट वेगळी, पण त्याच्या पासपोर्टची नोंद ठेवा.

कधी आणि कसं मागायचं

लग्नसराईत कोणाच्या दुकानात जाऊ नका. आषाढी एकादशीनंतर मुहूर्त थांबतात, प्रेसमध्ये बसून बोलायला वेळ असतो. त्यानंतर गणपतीच्या फ्लेक्सची गर्दी सुरू व्हायच्या आत मोहीम संपवा. पाच-सहा आठवडे पुरेत.

व्हॉट्सअॅपवर नुसता संदेश फिरवून पैसे येत नाहीत. लॅपटॉप घेऊन जा, त्यांचीच एक जुनी फाइल इंकस्केपमध्ये उघडून दाखवा, काय बिघडतं ते दाखवा, मग डेव्हलपरने केलेला छोटा नमुना चालवून एक ओळ तरी नीट आलेली दाखवा. असा नमुना करायला डेव्हलपरला आधी दोन-चार हजार द्यावे लागले तर पुढाकार घेणाऱ्या चौघांनी खिशातून द्यावेत. ठरलेली रक्कम मुदतीत जमली नाही तर सगळ्यांचे पैसे परत, हे पावतीवर छापा.

करार आणि हप्ते

करार दोन पानांचा पुरतो. गरजपत्र त्याला जोडा. परवाना कुठला, तर जीपीएल, इंकस्केपला चालेल असा. कोड पहिल्या आठवड्यापासून सार्वजनिक जागी, ‘पूर्ण झाल्यावर टाकतो’ हे मान्य करू नका. मध्येच आजारपण आलं तर दुसरा माणूस तिथून पुढे नेऊ शकतो.

हप्ते असे सुचवतो: सुरुवातीला २० टक्के, पाच फाँटांपैकी दोन चालू झाले की ३०, पन्नासही नमुन्यांवर चाचणी झाली की ३०, आणि दहा प्रेसमध्ये महिनाभर वापरून झाल्यावर उरलेले २०. मूळ प्रोग्राममधला बदल असेल तर ‘मर्ज झालं तरच पैसे’ अशी अट घालू नका. स्वीकारायचं की नाही हे मेंटेनर ठरवतात, ते डेव्हलपरच्या हातात नसतं. त्याच्या हातात आहे ते नियमांप्रमाणे कोड देणं आणि शेऱ्यांना उत्तरं देत राहणं. हप्ता त्याला जोडा.

दर पंधरा दिवसांनी वर्गणीदारांना मराठीत चार ओळी पाठवा: काय झालं, काय अडलं, किती खर्च झाला, किती उरले. अडलेलं लिहायला कचरू नका, लोकांना त्याचा राग येत नाही, काहीच न कळण्याचा येतो.

यापेक्षा मोठं काम असेल तर

प्रत्येक गरज मोहिमेने भागत नाही. इंकस्केपमधून ऑफसेटसाठी नीट सीएमवायके (छपाईचे चार रंग) मिळणं किंवा मूळ मजकूर-यंत्रणेत बदल, ही कामं दीड लाखात बसणारी नाहीत. अशा ठिकाणी जे डेव्हलपर आधीपासून तेच करतायत त्यांना महिन्याला थोडं देणं बरं. गिंपचा जेगल हा गाभा सांभाळणारे ओयविंद कोलास किंवा झेमारमॉट प्रकल्पातून गिंपवर काम करणारे जेहान यांच्यासारखे लोक अशाच नियमित छोट्या रकमांवर काम करत आले आहेत. अशा रकमा पाठवायची लिबरापे ही साइट स्वतःचं कमिशन घेत नाही, फक्त पेमेंटचा खर्च कापला जातो. एक अडचण मात्र ध्यानात घ्या: २०२१ च्या ऑक्टोबरपासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे कार्डावरून दरमहा आपोआप कापली जाणारी रक्कम परदेशी साइटवर बरेचदा अडते. म्हणून वर्षाची रक्कम एकदम द्या, आणि कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू आहेत का ते आधी बघा.

प्रकल्पाला झिरोधा या शेअर दलाल कंपनीच्या फ्लॉस फंडाकडे अर्जही करता येतो. २०२४ मध्ये सुरू झालेला हा फंड मुक्त प्रकल्पांना वर्षाला १० लाख डॉलर वाटतो, एका प्रकल्पाला १० हजारांपासून १ लाख डॉलरपर्यंत. अर्ज प्रकल्पाने स्वतः करायचा असतो. वापरणारे म्हणून आपण गरजपत्र आणि नमुना फायली पुरवू शकतो.

काम हातात आल्यावर

जोडणी कशी करायची याचं मराठी पान आणि पाच मिनिटांची चित्रफीत बनवून घ्या, नाहीतर साधन दहा जणांपुरतंच राहील. शेवटचा हिशोब पावत्यांसकट वर्गणीदारांना द्या.

राखीव रक्कम उरली तर वाटून टाकू नका. २०२० मध्ये इंकस्केप १.० आलं तेव्हा एक्स्टेंशनं पायथॉन ३ वर गेली, आतली रचना बदलली आणि बाहेरच्यांनी लिहिलेली कितीतरी एक्स्टेंशनं बंद पडली. असं पुन्हा होईल. उरलेले पैसे खात्यातच ठेवा, आणि इंकस्केपच्या पुढच्या मोठ्या आवृत्तीची बीटा (चाचणी आवृत्ती) निघाली की तेच पन्नास नमुने तिच्यावर चालवून बघायला एका माणसाचं नाव आत्ताच ठरवा.